पू झालाच नाही

प्रिय आप्पा,

उद्या सकाळी तालुक्याला, भूमला जाऊन तुमच्या त्या लाडक्या डॉक्टरविरुद्ध तक्रार देणार आहे. तुम्ही असता तर मला अडवलं असतं. म्हणून आधी तुम्हालाच कळवते. अडवा आता!

दोन वर्षं दर बाजारच्या दिवशी तुम्ही गुडघ्यांसाठी त्याची सुई घेतलीत. "लई हलकं वाटतंय बघ," म्हणायचात आणि त्याच्यासाठी शेतातल्या शेंगा न्यायचात. सुईत काय आहे, एकदा तरी विचारलंत का? मी तरी कुठं विचारलं!

मग ज्वारी काढताना तुमच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. चार दिवसांनी मी सुट्टीवर आले, तर पाय ना लाल, ना सुजलेला. ताप नाही, पू नाही. आई म्हणाली, "डॉक्टरच्या हाताला गुण हाय." आणि लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासणाऱ्या तुमच्या लेकीनं मान डोलावली.

तुमचं रक्तही मी नेलं होतं. स्लाईडवर पांढऱ्या पेशी भरपूर दिसल्या. जंतूंशी लढतात त्या ह्याच. शरीर नेटानं लढतंय असं समजून मी निर्धास्त झाले. आप्पा, ह्याची लाज मला अजून वाटते.

सुईत स्टिरॉइड होतं, हे धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, तोवर जंतू रक्तात पसरले होते. तिथल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. जखम लाल होते, सुजते, ठणकते, कारण शरीर भांडत असतं. पू म्हणजे त्या भांडणात मेलेल्या पेशीच. स्टिरॉइड दुखणं दाबतं, तसं हे भांडणही दाबतं. तुमच्या पेशी रक्तात नुसत्या फिरत राहिल्या, काट्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

तुमच्या दहाव्याला तो डॉक्टर पुढं येऊन बसला, डोळे पुसत. "वय झालं होतं," म्हणाला. बासष्ट हे काय जायचं वय आहे? ह्याला सोडायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. त्याच्या दवाखान्यामागच्या उकिरड्यातून स्टिरॉइडच्या रिकाम्या बाटल्या वेचल्या, गोणीभर. भिंतीवरची पदवी जिथली, तिथं जाऊन विचारलं. ह्या नावाचा कुणी तिथं शिकलाच नव्हता. ते ऐकून मला केवढा आनंद झाला! खोटं कशाला सांगू?

अडलं ते साक्षीवर. गावात कुणी तयार होईना, सगळ्यांचे गुडघे त्याच्याच जिवावर चालतात. आईचेही! तुमच्यानंतरही ती त्याच्याकडं जात होती. आणि अंगाला सवय झालेली सुई एकदम तोडली तर जिवावर बेततं. मॅडमकडं नेऊन चार महिने तिचा डोस हळूहळू उतरवला. तोवर मी दातओठ खात गप्प बसले. तो मात्र रस्त्यात हसून विचारायचा, "आई दिसंनात आताशा?"

आता सुई सुटली. आई भिंत धरून चालते. आज दुपारी तक्रारीचा कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो मला वाचून दाखवायला लावला. मग म्हणाली, "त्यांना त्याच्याकडं पहिल्यांदा म्याच नेलं. ते बी लिही."

मी नको म्हणाले. तिनं ऐकलं नाही. लिहिलं, आप्पा, आणि त्याखाली तिनं सही केली.

त्याला माफी नाही. त्याची पाटी उतरेपर्यंत मी खेटे घालीन. आणि ह्या ओळीवरून आईला कुणी एक शब्द जरी बोललं, तरी त्याची गाठ माझ्याशी आहे. एवढं वचन देते.

तुमची,
रेखा