गॅरेजच्या नकाशावरची लाल ओळ

दादा,

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय. जेवण झाकून ठेवलंय, उभ्या उभ्या गिळू नकोस. दुपारी मिस्त्री वाढीव गॅरेजचा नकाशा न्यायला येईल. त्याला सांग, गाडी धुतलेलं पाणी जायला उतार हवा, दोन प्लग जास्तीचे हवेत आणि हत्यारांचं फडताळ आईचा हात पोचेल एवढंच उंच.

नकाशावर आपण नेहमीसारखं आपापल्या रंगात लिहिलं होतं. तू निळ्या, मी हिरव्या, आई काळ्या. आज सकाळी खाली लाल ओळ दिसली: 'दार आतूनही उघडलं पाहिजे.'

लाल रंग बाबांचा. ती पेन्सिल त्यांच्या खिशात ठेवूनच आपण त्यांना शेवटचा निरोप दिला होता.

त्या संध्याकाळी ते गॅरेजमध्ये आहेत हे न बघता तू सवयीने बाहेरून कडी घातलीस. मी कधी काही बोलले नाही, आजही बोलत नाही. ही ओळ तूच लिहिली असशील तर सांगून टाक, माझा जीव भांड्यात पडेल.

नसशील, तर जुन्या गॅरेजची कडी काढून ठेव. सकाळपासून दार आतून वाजतंय. आईला मी वारा आहे म्हणून सांगितलंय.