फकीरचाचांची रेघ

१२ नोव्हेंबर २००७, दौंड
आले एकदाची. शिरूरपासून एसटीनं अंग खिळखिळं केलं, पण नोकरी झकास आहे. दवाखान्यात मला स्वतंत्र टेबल, कॉम्प्युटर आणि फिरती खुर्ची! आसपासच्या गावांतल्या हृदयाच्या पेशंटना डॉक्टरांनी छातीला बांधायचा पट्टा दिलाय. त्यांचे ठोके मोबाइलवरून इथं येतात आणि पडद्यावर रेघ नाचते. रेघ बिघडली की टुकटुक वाजतं; मग मी फोन करायचा, गरज पडली तर गाडी पाठवायची. आई म्हणाली, बसून पगार घ्यायची दीक्षाची हौस फिटली एकदाची.

१९ नोव्हेंबर
पाटसचे फकीरचाचा माझे सगळ्यांत लाडके पेशंट. साखर कारखान्यात फिटर होते, त्यामुळे यंत्रातलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा तोरा. पट्टा काचतो म्हणून खुंटीला टांगून मोकळे होतात. मग फरीदाचाची फोनवर माझ्याकडे त्यांची चहाडी करतात आणि चाचा मागून ओरडतात. या दोघांचं भांडण ऐकल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

२७ नोव्हेंबर
चाचा गेले. दुपारी, झोपेतच. रेघ आडवी झाली तेव्हा मला वाटलं, पट्टा पुन्हा खुंटीवर गेला. मी हसत फोन लावला होता. संध्याकाळी दफन झालं. फार रडले.

३० नोव्हेंबर
चाचांची रेघ पुन्हा सुरू झाली. जुनं रेकॉर्डिंग लागलं असेल, पट्टा परत मागव, असं डॉक्टर म्हणाले. चाची म्हणतात पट्टा सापडत नाही. त्या नवरा गेल्यावरची इद्दत पाळतायत, घराबाहेर पडत नाहीत. मी उगाच बोलून गेले, चाचांचे ठोके अजून दिसतायत म्हणून. त्या म्हणाल्या, "चालू हाय व्हय? मग ऱ्हाऊ दे बेटी. बंद नको करू."

५ डिसेंबर
रेकॉर्डिंग नाही. रेघ रोज वेगळी असते. मी चाचींना फोन लावला की ठोके पळायला लागतात. चाचा ऐकतायत. कुठून?
चाची रोज विचारतात, यांचं बरं हाय ना? मी हो म्हणते.

९ डिसेंबर
ठोके अडखळतायत. घाबरल्यासारखे. मातीखाली माणसाला जाग आली तर— नको.
आज पाटसला फोन केला नाही. पडद्यावर चाचांच्या रेघेपुरतं फडकं टाकलं.

११ डिसेंबर
फडक्याखाली सारखं टुकटुक. जिवंत पेशंट असता तर गाडी पाठवली असती. मेलेल्याला काय—
त्या रेघेचा आवाज बंद केला.

१२ डिसेंबर
फरीदाचाची गेल्या.
अंघोळ घालताना बायकांना झंपराच्या आत पट्टा सापडला. चाचांचा वास होता त्याला. ते ठोके चाचींचे होते. त्यांना मदत हवी होती, आणि मी फडकं—

१४ डिसेंबर
पट्टा आला. बॅटरी काढली. टेबलावर पडलाय.
फडकं उचललं. रेघ चालू. एक नाही, दोन. वर एक, खाली एक.
मोठ्यानं म्हणाले, चाची, मला माफ करा. वरची तशीच चालली. खालची थबकली. आता ती पुन्हा अडखळ— गाडी, कुठं पाठवू मी गा—