फाटकातून आधी कोण

सोमवार, १ ऑक्टोबर १९५१

पोहोचलो एकदाचा किलटारनला. टपाल कचेरीसमोर एक गाढव रस्ता अडवून ऐटीत उभं होतं आणि बसचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता त्याला नावाने हाक मारत होता. अशा गावात माणसाचं वाईट होऊ शकत नाही, असं मला उतरता उतरताच वाटलं.

स्कलींचं दुकान चौकातच, जुन्या बाजारघराच्या कमानीला लागून आहे. पुढे वाणसामान, आत पब, आणि मागचं अंगण ओलांडलं की शवपेट्यांची खोली. मालक मॅलकी स्कली पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. आमच्याकडे गिऱ्हाईक मरेपर्यंत टिकतं आणि मेल्यावरही सोडून जात नाही, असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला. हा विनोद तो सगळ्यांना ऐकवत असणार, पण मी मनापासून हसलो. त्याने नवी कोरी मोटार शववाहिका घेतली आहे आणि ती चालवायला त्याला डब्लिनचा माणूस हवा होता. गावात दुसरा अंत्यविधीवाला किनान. तो अजून दोन घोड्यांवरच आहे.

डब्लिनच्या कंपनीत मी शिकलो ते इथे दाखवून देणार आहे. पॉलिश केलेले बूट, बैलगाडीसारखी संथ चाल, आणि दुसरी अंत्ययात्रा समोर आली तर गाडी थांबवून, टोपी काढून तिला आधी वाट द्यायची. मेलेल्याला कसली घाई?

अंगणावरच्या दोन खोल्या मला राहायला दिल्या आहेत. खिडकीतून चौकातला हापसा दिसतो. माझ्या बायकोसाठी, नूलासाठी, खाट खिडकीशी लावली. महिनाअखेर तिला क्षयाच्या सॅनेटोरियममधून सोडतील. मोकळी हवा, ताजं दूध आणि आराम मिळाला तर ती पुरती बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. या गावी आलो तो त्या एका वाक्यासाठी.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

बाजाराचा दिवस. पहाटेपासून वासरांचं हंबरणं. चौकात कोबी, जळणाच्या पीट-मातीचे ढिगारे, कोंबड्यांची खुराडी. सौदा पटला की तळहातावर थुंकून टाळी द्यायची. मी टाळी द्यायला कचरलो तर कोंबडीवाल्या बाईने सगळ्यांदेखत विचारलं, काय रे डब्लिनकर, तुमच्याकडे थुंकी विकत मिळते का? चौक हसला. मीही थुंकलो. कोंबडी मात्र म्हातारी निघाली.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

पहिलं काम आलं. हनोरा टूही नावाची विधवा गेली. चौकातल्या हापशावरून हॉटेलात आणि मोठ्या घरांत पाणी वाहण्यात तिचा जन्म गेला. बोटांवर बादलीच्या कडीचे घट्टे होते. मालकीण डीलियाने तिला आंघोळ घातली, अंत्यविधीचा तपकिरी झगा चढवला, कमरेची दोरी मी बांधली. मुलगा टर्लक खोगिरं शिवतो. तो म्हणाला, आई म्हणायची, वर गेल्यावर देवाकडे काही मागणार नाही, फक्त बसू दे म्हणेन. त्याची लहान मुलगी ओर्ला आजीच्या पेटीशेजारी स्टुलावर बसून हॅम खात होती आणि आजीला मधूनमधून काहीतरी सांगत होती.

डोंगराकडचा म्हातारा लेसीही काल गेला. त्याचं काम किनानकडे. दोघांचीही माती उद्याच, आणि दफनभूमी एकच, जुन्या मठातली. स्कलीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, फाटकातून आधी आपण, काय? धंद्यातली चुरस असेल, म्हणून मी मान डोलावली.

बुधवार, १० ऑक्टोबर

काय झालं तेच कळत नाहीये. सगळं नीट लिहून काढतो.

मठाच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही पोहोचलो आणि दुसऱ्या रस्त्याने किनान आला. घोडे चौखूर उधळलेले, लेसीची माणसं पेटीला हात लावून शेजारून पळत होती, एकाचा बूट चिखलात राहिला. इतका ओंगळ प्रकार मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझी मोटार सहज पुढे गेली असती. मी गाडी थांबवली. उतरलो, टोपी काढली, त्यांना जाऊ दिलं. मागून आमच्या लोकांचा ओरडा ऐकू आला तो मला शोक वाटला.

लेसी आत गेला. टर्लक टूही चालत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आभार मानेल.

“माझ्या आईला पाण्याला लावलंस तू,” तो म्हणाला.

बाकी स्कलीने घरी येताना सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. या गावात सगळ्यात शेवटी पुरलेल्या माणसाला पहाऱ्याला राहावं लागतं. पापं जळेपर्यंत थांबलेले जीव तहानलेले असतात आणि त्यांना पाणी तो वाहतो. पुढचा मेला की याची सुटका. म्हणून लोक पळतात. आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, श्वास घे असं सांगतो का कुणी कुणाला?

अडाणीपणा आहे सगळा. पण जेवण गेलं नाही.

रविवार, १४ ऑक्टोबर

चर्चमध्ये मिस्साला माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. पाववाली पाव हातात न देता फळीवर ठेवते.

आणि माझी पाण्याची बादली. संध्याकाळी भरून जिन्याखाली ठेवतो, सकाळी कोरडी असते. अंगणातून ओला माग निघतो आणि मठाच्या गल्लीकडे जातो. टर्लकचा खोडसाळपणा, दुसरं काय. मी त्याच्या दुकानात जाऊन सरळ विचारलं. त्याने आरी खाली ठेवली आणि माग किती रुंद होता, पाय ओढल्यासारखा होता का, असं विचारू लागला. मग तोंड फिरवून रडला. मला तिथून कधी निघतो असं झालं.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

बाजाराचा दिवस. भर दुपार, लख्ख ऊन. चौक माणसांनी आणि गुरांनी भरलेला.

हापशावर एक म्हातारी होती. तपकिरी झगा. पाठमोरी, वाकून बादली भरत होती. लोक तिच्याकडे न बघता बाजूने जात होते, डबक्याला वळसा घालतात तसे. वासरंसुद्धा. मला वाटलं कॉन्व्हेंटमधली कुणी नन असेल. मग दोरीची गाठ दिसली. डाव्या बाजूला, दुहेरी. डब्लिनला शिकवतात ती गाठ. इथे तशी कुणी बांधत नाही.

तिने वळून पाहिलं. राग असता तर मला सोसला असता. राग नव्हता. नुसती दमलेली होती.

शनिवार, २० ऑक्टोबर

झोप नाही. एका जागी बसवत नाही. गाडी पुसतो, पुन्हा पुसतो.

डीलियाला सांगितलं. ती दचकली नाही. तिनेही पाहिलं होतं, अर्ध्या गावाने पाहिलं होतं. बटाटे सोलता सोलता म्हणाली, गावात कुणी मरत नाहीये ना, म्हणून ती वणवण करतेय. फार दमला की पहारेकरी एखाद्याला आपल्या बादलीतलं पाणी पाजतो. जो प्यायला तो पुढचा. वाईट मनाने नाही रे बाबा, पण किती वाहील म्हातारी?

नूला पुढच्या आठवड्यात येणार. तिची छाती अशी. नाही. तिला इथे आणायचं नाही. सोमवारी कचेरी उघडताच तार करतो.

सोमवार, २२ ऑक्टोबर

तार केली. उत्तर आलं, नूला सकाळीच निघाली. मला चकित करायचं म्हणून लवकर सुटका मागून घेतली होती.

धावत बसपाशी गेलो. बस येऊन गेली होती. नूला तिच्या ट्रंकेवर बसली होती, गालांवर लाली, वजन वाढलेलं, इतकी छान दिसत होती. मला बघून हसली. माझं तोंड बघून थांबली.

म्हणाली, “किती चांगली माणसं आहेत रे तुझ्या गावात. एका म्हातारीने मला तिच्याच बादलीतलं पाणी दिलं. दात दुखावेत इतकं गार.”

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

खोकला परत आला. डॉक्टर म्हणतात प्रवासाचा शीण असेल.

मी तिला काही सांगितलेलं नाही. ती खिडकीतून चौक बघते, नावं विचारते, हसते. तिच्यासमोर मी शांत बसतो आणि बाहेर आलो की पळत सुटतो. डीलियाला विचारलं, आधी दुसरं कुणी गेलं तर? पाणी प्यायलेला सुटेल का? तिला ठाऊक नव्हतं. नाही असं ती म्हणाली नाही. तेवढं मला पुरे आहे.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

घरोघर जातो. कोण आजारी आहे विचारतो. सहानुभूती म्हणून, असं दाखवतो. मिस हेगर्टीला न्यूमोनिया झाला होता, उठून बसली. सुताराला अर्धांगाचा झटका आला, आता चमच्याने खातो. त्याच्या बायकोने मला आनंदाने सांगितलं आणि मला — मला तिचा राग आला.

लोक आता मला बघून दारं लावतात. म्हातारीला बघून लावत नाहीत.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

सर्व मृतांचा दिवस. सगळं गाव मठात होतं. मी गेलो नाही. नूलाने रक्त थुंकलं.

स्कली म्हणाला, टर्लकच्या ओर्लाला ताप आहे.

मी गेलो. देवा, मी गेलो. दार टर्लकने उघडलं. पोरीचं कसं आहे, विचारलं. तो सांगू लागला, हापशावर आजी दिसली म्हणते, तहान लागली होती म्हणून आजीकडे पाणी मागितलं म्हणते, आजीने द्यायला नको होतं पण हिने हट्ट धरला. बोलता बोलता थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी का आलो ते त्याला कळलं. त्याने दार हळूच लावलं.

आणि मला रस्त्याने येताना हलकं वाटलं. हे लिहायला हवं. हलकं वाटलं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

नूला गेली. सकाळी. माझा हात धरून होती. पाणी मागितलं, मी दिलं, गिळवलं नाही —

ओर्ला पण. दुपारी.

बुधवार, ७ नोव्हेंबर

नूलाची दोरी मीच बांधली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मनगटं एवढीशी. तिला किटली उचलवत नव्हती.

दोघींची माती उद्याच. फादरना सांगितलं, एक परवा ठेवा, निदान फाटकाशी शर्यत तरी नको. परवा बिशपकडे जायचंय म्हणाले. टर्लकने काम किनानला दिलं.

डीलियाला विचारलं, लहान मूल असेल तर सोडतात ना? निष्पाप असतं, सरळ वर जातं ना?

“फाटकाला वय कळत नाही रे,” ती म्हणाली.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

चर्चबाहेर. गाडीत बसलोय. फादर आत आहेत तोवर लिहितो.

मागे नूला. शेजारी किनानची गाडी, पांढरी पेटी, एवढीशी. घोडे पाय आपटताहेत. किनान त्यांना शांत करत नाही.

बाजार असून चौक गप्प आहे. सगळे कडेला उभे. गल्लीच्या टोकाला फाटक दिसतं. तिथे ती म्हातारी. बादली खाली ठेवलेली. पहिली कुणीही आली तरी ती सुटणार. तरी रडते आहे. दुसरी तिच्या जागी —

मोटार घोड्यांच्या पुढे जाते. सहज जाते. सगळ्यांना माहीत आहे.

स्कली काचेवर वाकला. म्हणाला, या वेळी नीट कर. तुझी बायको आहे.

नूलाला त्या छातीने जिना चढवत नव्हता. रोज पाणी. रोज. पुढचं कुणी मरेपर्यंत — महिने —

ओर्लाला बादली कमरेपर्यंत येईल. दोन्ही हातांनी —

टर्लक आला. टोपी हातात. माझ्या डोळ्यांत बघून बोलला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“फिंटन, या वेळी थांब.”

फादर बाहेर आले. किनानने लगाम उचलले.

इंजिन चालू आहे. पाय क्लचवर. नूलाला विचारलं असतं तर — मला माहीत आहे ती काय म्हणाली असती, तिने लगेच, विचारसुद्धा न करता पोरीला आधी —