ग्यानबाले तिकडंच थांबवा

तीर्थस्वरूप मारोतमामाले अनसिंगहून ऋषिकेशचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकलो तर उठवायले दोन माणसं लागतात.)

पत्र लिहीन लिहीन म्हणता पंधरवडा गेला, अन् खाटेवर पडून राहणाऱ्याले वेळ नव्हता असं म्हणायलेही तोंड नाही. तुमी, मामी, ढवळ्या बैल, सारे मजेत असालच. उजवा गुडघा सोडला तर मीही बराच हाओ.

झालं असं, मी कामासाठी अकोल्याले निघालो होतो. जऊळक्याले गाडी क्रॉसिंगले थांबली अन् गावात बँड वाजू लागला. (कोणाचं लग्न, मले काय मालूम?) जरासं पाहून येतो म्हणून उतरलो, तो थेट वरातीत घुसलो. नाचता नाचता पाय मातीत रुतून तसाच राह्यला अन् बाकीचा मी गरकन फिरलो. आत ‘कट्’ झालं. वरातवाल्यांले वाटलं हा नवरीकडचा, नवरीकडच्यांले वाटलं हा वरातीतला. त्याच्यानं दोघांनीही उचललं अन् दोघांनीही जिलेबी चारली. मठ्ठ्याचा बरफ कोणीतरी रुमालात बांधून गुडघ्यावर ठेवला. (मठ्ठाही चांगला होता.) माझा मोबाईल गाडीत चार्जिंगले लावलेला, तो एकटाच अकोल्याले गेला.

वाशिमचे डॉक्टर म्हणे, हाड शाबूत हाये; दोन हाडांले बांधणारा दोर असते, लिगामेंट, तो अर्धा तुटला. पट्टा बांधा, सांगतो तो व्यायाम करा, मांडीत ताकद आली तर ऑपरेशन कदाचित टळंल. पण ओढाताण, मालिश बिलकुल नाही. उरलेला अर्धाही गेला तर भटकणं विसरा. मामा, माझ्यातून भटकणं काढलं तर उरते काय? पण माय, म्हणजे तुमची प्रयागबाई, एमआरआयची फिल्म उन्हात धरून म्हणते, “सारं काळंच तं हाये! डॉक्टरले याच्यात काय दिसलं? ग्यानबा एका झटक्यात बसवून देते!”

ग्यानबा म्हणजे तुमच्या रिठदचाच. बैलांचे पाय बसवते, नाव मोठं हाये त्याचं. पण बैलाले कोणी विचारलं?

ता. क. मायनं ग्यानबाले सांगावा धाडला. तिच्या फोनवरून तिचीच चहाडी कशी करू, म्हणून हे पत्र. त्याले तिकडंच अडकवा. ढवळ्याचा पाय मुरगळला म्हणा. (खरोखर मुरगळू नका.)

आणखी ता. क. आत्ताच दारात फटफटी थांबली. मामा, तुमीच आले! अन् मागच्या सीटवर तेलाची बाटली धरून ग्यानबा! मी मोरीत आतून कडी लावून एका पायावर उभा हाओ. पत्र दाराखालून सरकवतो. वाचून झालं की दार वाजवा, पण एकट्यानं.