मुकी पेटी

सोकोबान, कुमासी
जानेवारी, दुसरा शुक्रवार

प्रिय पोकुआताईस,

न्यार्कोचा नमस्कार. तुझं पत्र आणि शितोच्या तिखट चटणीची बरणी एजुराच्या गाडीवाल्याने नाताळाच्या आधीच माझ्या हातात दिली होती. बरणी मी मक्याच्या केंकेबरोबर बोटाने पुसून संपवली, पत्राला उत्तर मात्र आज देतोय. आळस केला असं लिहिलं तर तू लगेच मानशील, माझा आळस तुला पाठच आहे. पण आळस नव्हता गं. रोज कागद घ्यायचो, ‘प्रिय ताई’ एवढं लिहायचो आणि नेमका कुठलातरी स्क्रू घट्ट करायचा राहिलाय असं आठवायचं.

फोन का उचलत नाहीस, विचारतेस. फोनचा स्पीकर गेलाय. आता तू म्हणशील, ‘जगाचे कॉम्प्युटर जोडतो आणि स्वतःचा फोन दुरुस्त होत नाही होय रे?’ होईल दुरुस्त. तू बोलून पाठवलेले निरोपही म्हणूनच तसेच पडलेत. लिहून पाठवलं असतं, पण तुझा फोन दुकानात दहा हातांतून फिरतो आणि तुझ्या हाताखालची रोझमंड सगळं मोठ्याने असं वाचते की पलीकडच्या टोमॅटोवालीलाही कळावं. हे पत्र तू एकटीने वाच. बाबांना दाखवू नकोस.

इकडे हरमाटानचं धुळीचं वारं सुटलंय. दात घासले तरी तोंडात माती. ओठ फुटलेत, आणि काल स्टेशनवर एक बकरी बसच्या टपावर उभी राहून शिंकत होती, तिच्याभोवती लोक हसतायत, कंडक्टर म्हणतो, ‘हिचं तिकीट काढलंय, शिंकेचं वेगळं लागेल.’ तू असतीस तर... पण ते राहू दे, कामाचं सांगतो.

टाकोराडी सोडलं. तिथल्या मासळीच्या बर्फाच्या गोदामात थंडीने बोटं वाकेनात. त्याआधी टमालेत मयताच्या कार्यांना स्पीकर लावणाऱ्या टोळीत होतो, ते तुला माहीत आहे. माणसाएवढे पेटारे, आणि शुक्रवार ते रविवार आम्ही त्यांनाच टेकून झोपायचो. आता इथे सोकोबानला, सुतारांच्या वस्तीत, एफो सेलोर्म म्हणून एक व्होल्टाकडचा सुतार आहे, त्याच्या शेडमधला एक कोपरा मला मिळालाय. फळ्यांची जमीन आहे. एफो शवपेट्या करतो, मी कॉम्प्युटर जोडतो. तो गिऱ्हाइकाला सांगतो, ‘दोघेही पेट्याच करतो, फक्त याच्या पेटीत दिवा लागतो.’

तर मला एक मोठं काम मिळालं. आंटी फ्रेमा. तू तिचा आवाज नक्की ऐकला असशील, सकाळी रेडिओवर मयताच्या सूचना वाचते. अमुक घराण्याचे अमुक वृद्ध, काळे आणि लाल कपडे घालून यावे. आता ती घरच्या घरी खोलीत बसून वाचते आणि रेडिओला पाठवते. तिच्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा प्रत्येक मेलेल्या माणसामागे घोरायचा.

ती मला म्हणाली, “पोरा, असं यंत्र कर की खोलीत आहे हेच मी विसरून जाईन. माझ्या नवऱ्यासारखं नको, चालू नसतानाही घरघरणारं.”

आतलं सामान सोपं होतं. मोठे पंखे घ्यायचे आणि हळू फिरवायचे, फिरणारी डिस्क ठेवायचीच नाही, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा उशीएवढा हीटसिंक, सगळ्याखाली रबर. अडलं ते कॅबिनेटवर. आदुमच्या बाजारातल्या दुकानांत आम्ही दोघं हिंडलो. पहिल्या दुकानदाराने काचेचं दाखवलं, आत निळे-जांभळे दिवे. आंटी म्हणाली, “मी मयतं वाचते बाबा, नाचायला बोलावत नाही.” दुसरं चारी बाजूंनी बंद, आतून जाड फेल्ट लावलेलं. मुकं खरं, पण आपल्याकडच्या उकाड्यात ते म्हणजे गोधडी पांघरून धावणारा माणूस. आत तापतं, मग पंखे जोरात पळतात, मग आवाज होता तेवढाच परत. तिसरं नुसती जाळी. वारा भरपूर, पण आवाज सगळा बाहेर आणि हरमाटान सगळा आत.

मी तीन दिवस त्यातच. जेवताना कॅबिनेट, आंघोळीला कॅबिनेट. शेवटी एफो रंधा खाली ठेवून म्हणाला, “लाकडात करू. मी एवढ्या पेट्या केल्या, त्यातून आजवर कोणाचा आवाज आलेला नाही.”

ताई, ती पेटी तुला दाखवायला हवी होती. ओडुमचं लाकूड, कोपऱ्यांचे सांधे डोळ्यांना न दिसणारे. आतून भंगारातल्या गाड्यांच्या पायाखालचं जाड अस्तर. गार हवा खालून घ्यायची, गरम हवा वरून सोडायची. वरचं तोंड मी मोकळं ठेवायला लावलं, नुसती मच्छरदाणीची जाळी ठोकली. एफोला ते पटेना.

“वर झाकण कर, वाकडं धुराडं काढ. उघडं ठेवलंस तर आवाज सरळ वर येईल.”

मी म्हटलं, “आवाज आहेच कुठे?”

त्याने जाळीपाशी कान नेला. “आत डास ओरडतोय तुझ्या.”

मी हसलो. एफोचं अर्धं बोलणं चेष्टाच असतं. तोही हसला आणि रंधा मारायला लागला.

पुढचं लिहायला घेतलं आणि मध्येच उठून वाक्येचा चवळीभात आणायला गेलो. रांग होती. परत आलोय. लिहितो.

यंत्र मुकं झालं की नाही हे बघायची माझी एक पद्धत आहे, माझ्या आदुमच्या मास्टरने शिकवलेली. भिंतीवरचं घड्याळ यंत्राशेजारी ठेवायचं. घड्याळाची टिकटिक यंत्रावरून ऐकू आली की काम झालं, गिऱ्हाइकाला बोलवायचं. मी रविवारी सकाळी ते केलं, वस्तीत करवती बंद असतात आणि चर्चवाल्यांनी अजून भोंगे लावलेले नसतात त्या मधल्या वेळात. यंत्र चालू केलं. काहीच नाही. एकदम शांत. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मग घड्याळ ऐकायला गेलो तर तेही शांत. म्हटलं, सेल संपला. धावत जाऊन टपरीवरून नवा सेल आणला, घातला. तरी शांत. घड्याळच बिघडलं असणार, म्हणून हातात घेऊन बघतो तर सेकंदाचा काटा चाललाय. टुकटुक उड्या मारत चाललाय, ताई. मी त्याला बघत राहिलो. डाव्या कानाशी अगदी टेकवलं तेव्हा कुठे लांब, भिंतीपलीकडे असल्यासारखं काहीतरी. उजव्या कानाशी टेकवलं. काटा गालाजवळ थरथरत होता, तेवढंच कळलं.

मी घड्याळ परत भिंतीला लावलं आणि आंटीला निरोप धाडला, यंत्र तयार आहे म्हणून.

हे असं का केलं ते मला विचारू नकोस. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की कोणाला सांगितलं नाही तर ते अजून झालेलं नाही.

सोमवारी ती यंत्र घेऊन गेली, आणि परवा परत आली. दारात उभी राहिली आणि तिचे ओठ हलताना मला आधी दिसले. ती चांगलंच ओरडत असणार, कारण एफोने हातोडी खाली ठेवली. मग जवळ आली तेव्हा कळायला लागलं.

“न्यार्को! तुझ्या पेटीत डास आहे डास! इंं करतो सारखा. मी बेक्वाईच्या त्या मोठ्या घराण्याच्या म्हाताऱ्याची सूचना वाचली, ती तशीच रेडिओवर गेली. लोक काय म्हणतात माहीत आहे? म्हातारा वरून शिट्टी वाजवतोय! त्याची मुलगी माझ्या दारात येऊन रडून गेली.”

“आंटी, पॉवर सप्लायमधली तारेची गुंडाळी असेल, कधी कधी बारीक किरकिरते...”

“असेल म्हणजे? तुला ऐकू आली नाही? एवढी?”

मी म्हटलं, “हवेतल्या धुळीने नंतर सुरू झाली असेल.” ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघत असती तर परवडलं असतं. मग म्हणाली, “शनिवारी यंत्र घेऊन येते. माझ्यासमोर उघड, माझ्यासमोर तो आवाज बंद कर, मग मी नेईन.”

शनिवार म्हणजे उद्या. यंत्र उघडीन गं, त्याला काय. पण जो आवाज मला येतच नाही तो कुठून येतोय हे कसं शोधू? आणि गेला की नाही हे कसं कळणार? तिच्या चेहऱ्याकडे बघून? एफो कोपऱ्यात असणार. परवापासून तो माझ्याशी तोंडासमोर येऊन, हळूहळू बोलतोय. चेष्टा करायचा थांबलाय.

मला चक्कीची स्वप्नं पडतात. आपल्या चक्कीत कोणाला कोणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून बाबांच्या त्या खुणा. अंगठ्यावर बोट चोळलं की बारीक दळ. पंजा उपडा, की पाणी घाल. मूठ वर, की थांबव, आत काहीतरी अडकलंय, उघडून बघू. आपण जेवतानाही त्याच खुणा करायचो, आई म्हणायची, ‘माझं घर आहे की चक्की?’ आणि मीठ मागायला तीही बोट चोळायची. मग एक दिवस चक्की बंद असतानाही बाबा खुणाच करत राहिले. हाक मारायला पाय आपटायचे, कारण आपली हाक किती मोठी होते ते त्यांचं त्यांना कळेना. स्टेशनवर त्या लाकडाच्या ट्रकने मागून भोंगा दिला आणि बाबा तसेच चालत राहिले, ते मी पाहिलंय. तू त्यांना सदरा धरून मागे ओढलंस. त्या दिवसापासून बाबा एजुराबाहेर गेले नाहीत. रस्ता ओलांडायलाही कोणाचा तरी हात लागतो. बाजारातली पोरं मागून टाळ्या वाजवून बघायची, वळतात का ते.

मला कोणी मागून टाळ्या वाजवलेल्या नकोत.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचतो. तू बाबांना खुणा करून सांगितलंस की न्यार्को फोनवर ओरडतो, भलत्या जागी हो-हो म्हणतो, आता तर उचलतच नाही. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि तुला विचारलं, ‘तो फोन कुठल्या कानाला लावतो?’ तू लिहिलंयस की म्हाताऱ्याचं काहीतरीच असतं. काहीतरीच नाही ताई. आधी उजव्या कानाला लावायचो. पावसाळ्यापासून डाव्याला लावतो. फोनच्या स्पीकरला काहीही झालेलं नाही.

झालं, लिहून टाकलं.

आता खरं सांगतो, कागद का संपवतोय. पिशवी भरली आहे. माझी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, दोन शर्ट. हे पत्र एजुराच्या गाडीवाल्याच्या हातात द्यायचं आणि तसंच पुढे जाऊन आबिजानच्या गाडीत बसायचं असं ठरवलंय. तिथे फ्रेंच बोलतात, मला काही समजलं नाही तरी लोक म्हणतील परका आहे. कोणी कानाकडे बघणार नाही. आंटीच्या यंत्राचं एफो बघेल, दुसरं कोणी बोलावेल. तिला सांग... नको, काही सांगू नकोस. तू मला भित्रा म्हणशील. म्हण. कॅबिनेट निवडायला मला तीन दिवस लागले, पळायचं ठरवायला एक चहासुद्धा लागला नाही.

एफो ओंडका आणायला गेलाय. शेडमध्ये मी एकटाच आहे. फळ्या हादरल्या आत्ता, बाहेर लाकूड उतरवत असतील. सही करतो आणि निघतो. बाबांना म्हणावं, न्यार्को मजेत

परत हादरल्या. माझ्या पायाखालीच. लाकूड असं नसतं पडत, सारखं, थांबून थांबून.

ताई, मी मागे वळून बघितलं. बाबा आलेत.

दारात उभे आहेत. एकटे आहेत. भुवया धुळीने पांढऱ्या झाल्यात, तुझा तो हिरवा पंचा गळ्याभोवती. एजुराहून आले, जागा गाडीवाल्याने सांगितली असणार, केजेटिया स्टेशनच्या त्या गाड्यांच्या गर्दीतून आले, हात धरायला कोणी नव्हतं. कधीचे उभे होते कोण जाणे. काहीतरी बोलतायत, बहुतेक मोठ्याने, बाहेरचे सुतार वळून बघतायत. त्यांनी पिशवी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. आणि मूठ वर केली आहे, ताई, चक्कीतल्यासारखी, आणि खाली घेत नाहीत.

गाडीवाला निघेल, त्याच्याबरोबर एवढंच पाठवतो. पिशवी इथेच ठेवतोय.

तुझा भाऊ, ज्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही,
न्यार्को