उद्या देवी काढायच्या आहेत

मुळशी,
वैशाख, १९२६

प्रिय द्वारके,

तुझं पत्र पोचलं. पुण्याच्या मुलींच्या शाळेत आरोग्य शिकवायला बाई हव्यात, माडीवरची खोली तू माझ्यासाठी झाडून ठेवली आहेस, आणि एवढं करूनही मी आले नाही तर तू माझं तोंड पाहणार नाहीस! धमकी पोचली बरं. पण उत्तर देण्याआधी तुला बायजाची गोष्ट ऐकावीच लागेल, कारण सध्या मला स्वतःपेक्षा तिचाच घोर जास्त आहे. माझ्या शाळेतली सगळ्यांत हुशार पोर, आणि तिची आजी सारजाबाई यंदा तिचं लग्न उरकायला निघाली होती.

इथं मला लीलाबाई कुणी म्हणत नाही. रोज प्रार्थना झाली की मी पोरांची नखं बघते, म्हणून मी ‘नखंबाई’. रस्त्यात म्हातारेसुद्धा मला पाहून मुठी झाकतात. मला ते फार आवडतं. पाणी गाळायचं फडकं उलटं धरलं तर आधीची घाण परत हंड्यात जाते, हे इथं आता शेंबडं पोरही सांगतं. हे काम मला झकास जमतं, आणि तसं म्हणायला मला लाज वाटत नाही.

माघात घोटावड्याला देवीची साथ आली. मी पौडाहून टोचणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं आणि वर्गात सांगितलं, उद्या देवी काढायच्या आहेत, सगळ्यांनी या. दंडावर टोचून घेण्याला तू-मी लहानपणापासून हेच म्हणत आलो ना! दुसऱ्या दिवशी शाळेत चिटपाखरू नाही. जाऊन बघते तर सगळा गाव टेकाडावरच्या देवळापुढे, आणि उंबऱ्यावर सारजाबाई काठी घेऊन बसलेली. धरणाचं पाणी चढल्यापासून खालच्या गावांतले देव उचलून वर नेत होते. तिला वाटलं, आता नखंबाई आमचीही देवी काढून नेणार. ‘शेतं गेली, आता देवीबी काढताय व्हय? हात तर लावून बघा!’ कर्म माझं! आधी मला हसू फुटलं. मग तिनं ती काठी उंबऱ्यावर आडवी धरली आणि मला रडूच आलं गं.

डॉक्टर परत फिरायला लागले होते. तेवढ्यात बायजा देवळाच्या पायरीवर बसली आणि तिनं बाही वर सारली. ‘आज्ये, ती देवी हितंच ऱ्हानार हाय. काढायची ती हितं,’ म्हणून तिनं दंड पुढे केला. टोचताना डोळासुद्धा मिटला नाही. मग एकेक पोर पुढे आलं, आणि सगळ्यांत शेवटी सारजाबाईनं काठी खाली ठेवली. ‘माजीबी काढा,’ म्हणाली. पुढे साथ आमच्या गावातही आली, पण माझं एकही पोर गेलं नाही. कुणाच्या दंडावर टोचल्याचा फोड धरला, कुणाच्या नाही, हे बायजा घरोघर बघत हिंडत होती.

आता पाणी आणखी चढणार. सारजाबाईचं घर उठणार, आणि ती माणसं जिथं जाणार तिथं शाळा नाही. परवा ती माझ्याकडे आली, तेव्हा बायजाच्या लग्नाचं बोलणार असं वाटून मी पदर खोचून भांडायला उभी राहिले. ती म्हणाली, ‘बाई, देवी जाग्यावर ऱ्हाऊ द्या. पर ही पोरगी तेवढी हितनं काढा.’ मी खोचलेला पदर सोडला.

तेव्हा द्वारके, मी येत नाही. वरच्या वाड्यांतली पोरं अजून टोचायची आहेत, आणि ती माझी आहेत. पण तुझी खोली रिकामी राहणार नाही. हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. ज्या पोरीनं ते तुझ्या हातात ठेवलं आणि जी अजून दाराबाहेर उभी आहे, तीच बायजा. तिला आत घे. शिकव, माझ्यासारखी बाई कर. आणि तिला हात देण्याआधी तुझी नखं बघ गं बाई. ती बघणारच.

तुझीच हट्टी,
लीला