माझ्या फासांना कोणी हात लावू नये

मी, हॅल्डोर ब्यार्नासन, वय चौऱ्याहत्तर, धंदा मेंढ्या पाळणे आणि हिवाळ्यात कुंपणाला कायोटींसाठी, म्हणजे मेंढ्या पळवणाऱ्या रानकुत्र्यांसाठी, फास लावणे, राहणार स्वान क्रीक रस्त्याचं शेवटचं घर, मॅनिटोबा, आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. उजवा पाय तेवढा नाही. अंगठा काळा पडला आहे आणि घोट्याखाली काही जाणवत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, "अजिबात नाही." त्या म्हणाल्या, "तीच तर काळजी आहे." सोमवारी विनिपेगला पाय कापणार आहेत. माझ्या वयाचा माणूस भुलीतून परत येईलच असं नाही, म्हणून हा कागद. याआधी केलेलं मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावं. केलेलं नाही, पण असं लिहायची पद्धत आहे.

कलम १. घर, जमीन, मेंढ्या आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती एक मुलगी सिग्रिदुर, म्हणजे सिग्गा, हिला. मेंढ्या तिने विकल्या तरी माझी हरकत नाही. कान फाटलेली म्हातारी मेंढी मात्र विकू नये. तिला लाराने, माझ्या बायकोने, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. लारा जाऊन दोन हिवाळे झाले. लोक विचारतात, सवय झाली का? झाली, असं मी सांगतो. दुसरं काय सांगणार?

कलम २. बर्फाला भोक पाडायचं माझं गिरमिट चुलतभाऊ बाल्दुर याने मासेमारीला नेलं आणि बोथट करून परत आणलं. गिरमिटाचा दांडा सिग्गाला. बोथट पातं बाल्दुरला, कागदात गुंडाळून.

कलम ३. कातडी सोलायच्या दोन सुऱ्या, कातडी ताणायच्या फळ्या आणि माणसाचा वास जावा म्हणून फासाच्या तारा झाडाच्या सालीत उकळायचं काळं पातेलं सिग्गाने ज्याला हवं त्याला द्यावं. त्या पातेल्यात सूप करू नये. बाल्दुरने एकदा केलं होतं.

कलम ४. आता फासांविषयी. सध्या माझे फास उत्तरेच्या कुंपणावर आणि मागच्या रानातल्या पायवाटेवर लावलेले आहेत. खालची तार जिथे सैल आहे आणि तारेला कायोटीचे केस चिकटले आहेत, तिथे. डिसेंबरात लावले तेव्हा पाय चालत होता. काल काढायला निघालो आणि गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो. तिथून हातांवर रांगत परत आलो.

फास काढणं टळणार नाही. उद्या संध्याकाळी सिग्गा येते आहे, मेंढ्या सांभाळायला, आणि तिच्याबरोबर तिची कुत्री पिप. मी फोनवर सांगितलं, "कुत्रीला बांधून ठेव." ती म्हणाली, "पाब्बी, शहरात ती कधी बांधलेलीच नाही. बांधलं की वेड्यासारखी उड्या मारते. सकाळी मोकळी सोडावीच लागते." बांधायची सवय असलेलं कुत्रं फासात अडकलं तर गप्प बसून राहतं, त्याला वाटतं मालकानेच बांधलंय. सवय नसलेलं झटापट करतं. फास आवळतो, सैल होत नाही. त्यासाठीच तो असतो.

गावातल्या एका तरुण फासवाल्याला फोन केला. जागा सांगितल्या. "वाकलेल्या पॉपलरच्या झाडापुढे, जिथे तार सैल आहे तिथे." तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे सगळेच पॉपलर वाकलेत." वादळ ओसरलं की बघू, म्हणाला. सिग्गाने त्याच्या पाठीस लागावं. फास उतरेपर्यंत पिपला गोठ्यात कोंडावं, ओरडली तर ओरडू दे.

मात्र शेजारी मेट्रो ह्रिंकिव याने माझ्या कोणत्याही फासाला हात लावू नये. मी जिवंत असताना नाही, मेल्यावर नाही.

कारण लिहून ठेवतो. आमच्याकडे दुसऱ्याच्या फासाला हात लावत नाहीत. त्यात कायोटी असो, ससा असो, काही असो. ज्याने लावला त्याने काढायचा. हात लावला की चोर ठरतो, आणि तारेचा वासही बदलतो, मग जनावर फिरकत नाही. मेट्रो कुंपणाच्या पलीकडे फास लावायचा, मी अलीकडे, आणि आमचं कधी वाजलं नाही. मग लाराचा कुत्रा काउतुर याच्या साखळीची कडी तुटली आणि तो माझ्या फासात अडकला. तो बांधून वाढवलेला कुत्रा. शांत बसला होता. मेट्रो सकाळी तिथून गेला. काउतुरने शेपूट हलवली. मेट्रोने त्याला "बस" म्हटलं आणि मला बोलवायला आमच्या घराकडे चालू लागला. काउतुरला मेट्रो फार आवडायचा. तो त्याच्या मागे निघाला आणि फास आवळला.

आम्ही पोचलो तेव्हा लाराने त्याला मांडीवर घेतलं आणि बर्फात बसली. ती म्हणाली, "मेट्रो, अरे हात का नाही लावलास?" मेट्रो म्हणाला, "हॅल्डोरचा फास होता." एवढंच. नियमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. मीही तेच केलं असतं. तरी त्या दिवसानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. लारा शेवटच्या आजारात म्हणायची, "बोल रे त्याच्याशी, तो रोज रस्त्यावर उभा असतो." मी बोललो नाही. तिच्या मातीला तो आला होता, मागच्या बाकावर बसला होता. तेव्हा मला काही वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

कलम ५. मला लाराशेजारी पुरावं. मे महिन्यापर्यंत जमीन कुदळीला दाद देत नाही, तेव्हा घाई करू नये. चर्चमागच्या खोलीत ठेवलं तरी चालेल, मला थंडी नवी नाही. कॉफी कडक असावी. बाल्दुरला भाषण करू देऊ नये.

कलम ६. साक्षीदारांविषयी. सिग्गा फोनवर म्हणाली, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. वादळामुळे इथवर दोघंच पोचू शकतात: नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवणारी थोरा एयोल्फसन, आणि मेट्रो. म्हणून थोराच्या हाती मेट्रोला निरोप पाठवला. त्याला काहीही मिळणार नाही हे कायद्यानेच पक्कं झालं, याचं मला समाधान वाटलं. ते इथे नोंदवतो.

थोराला लाराचा केकचा साचा द्यायचा होता. ती साक्षीदार, म्हणून तो ती आजच घेऊन जाईल.

इथपर्यंत सकाळी लिहिलं. पुढचं ती दोघं आल्यावर.

कलम ७. थोरा आत येताच म्हणाली, "काय रे म्हाताऱ्या, मरायला हाच आठवडा सापडला? रस्ता बघ जरा." मेट्रो दाराशीच उभा राहिला. टोपी हातात. थोराने त्याला ढकलून खुर्चीवर बसवलं आणि कॉफी स्वतःच ओतली. आलुबुखारचा थरांचा केक होता, लाराच्या कृतीने केलेला, पण कडक झालेला.

मग मेट्रोने विचारलं, "सिग्गा येतेय म्हणे. कुत्री घेऊन."

मी थोराकडे बघून म्हटलं, "हो."

"बांधलेली असते?"

"नाही."

"फास उतरवलेस?"

मी पाय दाखवला.

त्याने कप खाली ठेवला. "मग मला सांग ना, हॅल्डोर."

मी हा कागद त्याच्याकडे सरकवला. लिहितो, म्हटलं, कलम चार खोडतो. त्याने कागद माघारी सरकवला. "हा मेल्यावर वाचतात. मला आत्ता तोंडाने सांग. तू सांगितल्याशिवाय मी तुझ्या फासाला हात लावणार नाही. मागेही नाही लावला."

"तुला जागा सापडायच्या नाहीत," मी म्हटलं. "बर्फ पडलाय."

"मला सगळ्या माहीत आहेत."

"कशा?"

"रोज सकाळी बघून येतो. प्रत्येक फास. काही अडकलं असेल तर तुला वेळेत हाक मारता यावी म्हणून." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "काउतुर गेला तेव्हापासून."

थोरा म्हणाली, "अरे देवा! तुम्ही दोघं म्हणजे ना..." आणि उठून खिडकीशी गेली.

मेट्रो थांबून राहिला. त्याला थांबायची सवय आहे.

मी म्हटलं, "हात लाव, मेट्रो. सगळ्यांना लाव."

तो कोट चढवून बाहेर पडला. थोरा ट्रक बंद करून आली आणि माझ्यासमोर बसून राहिली. सही त्याच्यासमोर करायची, म्हणून आम्ही थांबलो. उजेड सरत आला तेव्हा तो परतला, फास दंडावर अडकवून, भुवयांवर बर्फ. त्याने ते टेबलावर ठेवले. मी मोजले नाहीत. एक फास त्याने वेगळा ठेवला, रानाच्या तोंडाशी लावलेला, काउतुरच्या जागेचा. म्हणाला, "हा तूच ठेव कुठे ठेवायचा तो." मी तो चुलीत टाकला. तार जळत नाही हे मला माहीत आहे.

म्हणून आता लिहितो: कलम चारमधली मेट्रोविषयीची मनाई मी रद्द करतो. गावातल्या त्या तरुणाला फोन करायची गरज नाही. पिपला मोकळी सोडावी, कुंपणापर्यंत, रानापर्यंत, हवं तिथे. माझे कोणतेही फास आता कुठेही लावलेले नाहीत.

मेट्रोला या कागदाने काही दिलेलं नाही, त्याची साक्ष कायदेशीर धरावी.

सुरुवातीला लिहिलं की डोकं ठिकाणावर आहे. ते अजूनही आहे. एक दुरुस्ती करतो. डॉक्टरीणबाईंना सिग्गाने सांगावं की बुधवारी संध्याकाळपासून दुखतंय. पायात नाही. छातीत, गळ्याशी. लारा गेली तेव्हा दुखायला हवं होतं तिथे. फार दुखतंय.

हे मी वाचून पाहिलं, ते माझंच आहे, आणि खालच्या दोघांसमोर सही करतो.

हॅल्डोर ब्यार्नासन

साक्षीदार:
१. थोरा एयोल्फसन, बर्फाच्या ट्रकची चालक
२. मेट्रो ह्रिंकिव, शेजारी (बोटं गारठल्यामुळे सही वाकडी आली आहे, ती त्याचीच आहे)

स्थळ: स्वान क्रीक रस्ता, मॅनिटोबा
दिनांक: २२ जानेवारी १९९७, बुधवार